लालाईचं नाव

दारव्हा, १७ जून २००७

प्रिय संघदीप,

जय भीम. हे पत्र वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण फाडूही नकोस. कपाटात टाकून ठेव. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. पाटीवर माझंच अक्षर गिरवून तू लिहायला शिकलास.

दीड वर्षात मी तुला चार वेळा फोन केला. तू उचलला नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. फोनवर मला नाहीतरी नीट बोलता येत नाही. मास्तरीण असून समोर फळा नसला की माझी वाक्यं अर्धीच राहतात.

कारण सांगते. यवतमाळचे एक प्रकाशक माझं कवितांचं पुस्तक काढायला तयार झाले आहेत. हो, त्याच कविता. झोटिंग, हडळ, चकवा आणि मी स्वतः जन्माला घातलेली दहाबारा भुतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिलं पुस्तक आणि तेही राक्षसांचं. बाबा असते तर चष्मा काढून पुसत बसले असते, बोलले काहीच नसते.

एकूण छत्तीस कविता आहेत. पस्तिसांचं काही नाही. उरलेली एक कोणती ते तुला ठाऊक आहे. प्रकाशक म्हणतात, तीच पहिली घेऊ, सगळ्यांत जिवंत तीच आहे. मी पोळ्यापर्यंत मुदत मागून घेतली. तोवर मला सांगायचं आहे, ठेवायची की काढायची.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते (आठवत असेलच):

लाल घागरा, आरसे हजार,
कपाशीतून चालली लालाई नार;
दातांच्या फटीतून घालते शीळ,
पान होतं लाल, बोंड होतं तीळ.

मी ती २००४ च्या पोळ्याला पोरांसाठी लिहिली. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, पोरं पळसाच्या फांद्या घेऊन गावातून ओरडत जातात, खोकला घेऊन जाय गे मारबत, ढेकूण घेऊन जाय गे मारबत. गावाची सगळी पीडा त्या मारबतीच्या पदराला बांधून शिवेबाहेर टाकायची. आपल्या सावरखेडीत त्यात माणसांची नावं घालून घाणेरडं ओरडायची खोड लागली होती, हे तुलाही माहीत आहे. मला वाटलं, ओरडायचंच आहे तर चांगलं काहीतरी देऊ. त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला होता, पानं लाल होऊन गळत होती. म्हणून लाल्याची राक्षसीण केली. पोरांनी डोक्यावर घेतली.

पुढचं तू गेल्या वर्षी जानेवारीत येऊन पाहिलंस. शाळेत अंधश्रद्धेविरुद्धच्या कार्यक्रमात तू लिंबातून रक्त काढून दाखवलंस, नारळातून आग काढलीस, पोरं टाळ्या पिटत होती, आणि शेवटी तू विचारलंस, "तुमच्या गावात भूत कोणतं?" तर पन्नास पोरांनी एका सुरात लालाई म्हटली. कोणी शिकवली? "बाईंनी." संध्याकाळी जीपच्या थांब्यावर तू मला म्हणालास, "ताई, ती कविता फाडत नाहीस तोवर मला भाऊ म्हणू नको."

मी अजून फाडलेली नाही. आणि भाऊ म्हणते आहे.

पुन्हा एकदा सांगते, लालाई हे कोणाचंही वर्णन नाही. ती निव्वळ कल्पना आहे. तू रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतोस, तुला प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी बाटलीत भरलेलं दिसतं. कवितेत तसं नसतं.

तुझं काय मत आहे ते कळव. नाहीतर नुसतं, बरा आहे, एवढं कळव.

तुझी,
ताई


दारव्हा, ८ जुलै २००७

प्रिय संघदीप,

तुझं कार्ड मिळालं. दोन शब्द. "वर्णन कोणाचं?" खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमन म्हणाला, "बाई, लिहायचं राहून गेलं वाटते पाव्हण्याचं." मी म्हटलं, नाही, तो असंच लिहितो, शाळेत निबंधालाही दीड पानाच्या वर गेला नाही कधी.

त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर खुश आहे. तू कार्ड आणायला पोस्टात गेलास, म्हणजे तेवढा वेळ माझा विचार केलास.

परवा वावरात तण निंदणाऱ्या बाया पाहिल्या आणि माय आठवली. तू फार लहान होतास, तुला तिच्या काखेतला घाम तेवढा आठवत असेल. मला तिची भुतं आठवतात. बाबांनी छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा देवही सोडले आणि भुतंही सोडली. घरात कुणी "भूत" म्हटलं की म्हणायचे, "हे मी नागपुरात टाकून आलो. परत आणू नका." मास्तर माणूस. गावात त्यांचा शब्द होता. पण वेचणीच्या दिवसांत माय आम्हाला वावरात न्यायची, तिथं बाबांचा शब्द पोचत नव्हता.

कमरेला ओटी बांधून मी तिच्या मागं कापूस वेचायची, आणि दर तासाला, म्हणजे कपाशीच्या दर ओळीला, तिचं एक नवं भूत. ढेकळ्या होता, तो ढेकळांत बसून पायाचा घोटा फिरवायचा, म्हणून खाली बघून चालायचं. खोक्या होता, तो कापसाच्या तंतूंतून नाकात शिरायचा, म्हणून तोंडाला पदर बांधायचा. आणि एक रिकामी होती. रिकामी म्हणजे अशी हडळ की जी ओटी अर्धी भरली की मागून येऊन पुन्हा रिकामी करते. मी मागं वळून बघत बघत वेचायची. संध्याकाळी माझी ओटी सगळ्यांत जड निघायची.

एकदा बाबांनी ऐकलं. म्हणाले, "कौसल्या, आपण हे मानत नाही ना?"

माय म्हणाली, "मानते कोन? म्या फक्त सांगून राह्यली."

संघदीप, माझं सगळं लिहिणं त्या एका वाक्यात आहे. भीतीला तोंड दिलं, दात दिले, पायात चाळ बांधले की ती अंगणात नाचायला लागते. मग तिची भीती वाटत नाही, कधी कधी तर तिचा लळा लागतो. तू लिंबातलं रक्त दाखवून पोरांची भीती घालवतोस, मी भीतीला गाणं म्हणायला लावते. आपण एकाच आईची पोरं आहोत, एवढंच मला म्हणायचं आहे.

तब्येतीची काळजी घे. पावसाळ्यात तुझा घसा धरतो.

ताई


दारव्हा, १२ जुलै २००७

संघदीप,

मागच्या पत्रात मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते तुझ्या लक्षात आलं असणार. माय मध्ये आणली की तू विरघळशील असं मला वाटलं. शाळेतली पोरंही असंच करतात, गृहपाठ केला नसला की आजीची तब्येत सांगतात.

लालाई मैनाबाई आहे.

आपल्या गावाशेजारच्या तांड्यावरची मैनाबाई. मायच्या शेजारच्या तासाला वेचायची ती. समोरचे दोन दात पडलेले, त्या फटीतून अशी शीळ घालायची की वावराच्या धुऱ्यावरचा बैलसुद्धा मान वर करायचा. तू तिच्या कडेवर बसून तिच्या घागऱ्याचे आरसे उचकटायचास. मी सहासात वर्षांची असताना एकदा ती उन्हातून कपाशीच्या मधोमध चालत गेली, लाल घागरा, आरशांचे कवडसे पानांवर उडताहेत, आणि मला खरंच वाटलं की ती जिकडून जाते तिकडची पानं लाल होतात. ते मी पस्तीस वर्षं मनात ठेवलं होतं. लाल्या आला आणि ते बाहेर आलं. त्यात द्वेषाचा कणही नव्हता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत देखणं दृश्य होतं ते.

आता दुसरं. हे तुला कुणीच सांगितलेलं नाही.

२००५ च्या दिवाळीआधी, पुन्हा लाल्या पडला तेव्हा, गावातले वामनराव आणि आणखी दोघं शाळेत आले. वामनराव टोपी हातात घेऊन उभे राहिले. मधल्या सुट्टीची वेळ. म्हणाले, "बाई, एक इचारू का? थे लालाई म्हंजे आपली मैनाबाई हाय का?"

मी म्हटलं, "छे! कोणीच नाही. मैनाबाईचा काही संबंध नाही."

"मंग शीळ?"

"कुणाचीही असेल."

ते एकमेकांकडे पाहून निघून गेले. मला वाटलं, मी तिला वाचवलं. एका बाईवर राक्षसीण म्हणून गाणं रचलं हे कळलं तर मुख्याध्यापक काय म्हणतील, तांड्यावरचे काय म्हणतील, आणि तू काय म्हणशील, हेही होतं डोक्यात. तेच जास्त होतं. खरं लिहायचं ठरवलं आहे तर तेही लिहिते.

त्यानंतर तिला वेचणीला कुणी बोलावलं नाही. तिच्या दारात लिंबं पडायला लागली. हापशावर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. मी हे सगळं शाळेच्या खिडकीतून पाहिलं. डिसेंबरात तिची मुलगी जमनाबाई तिला आपल्या घरी ढाणकीला घेऊन गेली. तू जानेवारीत आलास.

उत्तर देऊ नकोस. द्यावंसं वाटलं तर दे.

साधना


दारव्हा, १९ ऑगस्ट २००७

प्रिय संघदीप,

तुझं पत्र आलं त्याला महिना होत आला. चार ओळी. शेवटची मला पाठ आहे: "हे मला सांगून काय उपयोग? तिला सांग." बरोबर आहे. मग मी काय केलं? आधी शाळेची तपासणी होती. मग पुसदकडे पूर आल्याचं ऐकलं. मग झेंडावंदन. कारणं माझ्याकडे भरपूर असतात, मीही सरकारी नोकर आहे.

काल गेले. दारव्ह्याहून दिग्रस, पुसद, उमरखेड, आणि मग ढाणकी. तीन एस. टी. आणि एक जीप. पिशवीत कवितेचा कागद, पाव किलो पेढे आणि माझं धैर्य. उमरखेडपर्यंत कागद आणि पेढे तेवढे उरले होते.

जमनाबाईनं मला ओळखलं आणि दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. आतून आवाज आला, "कोन हाय गे?"

"सावरखेडीची मास्तरीन आलती," जमनाबाई म्हणाली. मी समोर उभी असून "आलती". जणू येऊन गेलेसुद्धा.

"येऊ दे तिले. लय दिवस लावले."

मैनाबाई खाटेवर बसून घागऱ्याला आरसे लावत होती. आता डोळ्यांना कमी दिसतं, सुई मुलीकडून ओवून घेते. तोच लाल रंग. मी पाया पडले, तर तिनं पाय मागं घेतले.

मी सगळं बोलले. उन्हातला घागरा, शीळ, लाल पानं, वामनराव, मी काय म्हटलं ते. ती टाके घालत राहिली. मग म्हणाली, "वाच."

"काय?"

"गाणं. कागद आनला न? वाच मंग."

मी वाचलं. शाळा तपासणीला आलेल्या साहेबापुढे वाचावं तसं, एकेक शब्द तोडून. वाचून झालं तशी ती म्हणाली, "कपाशीतून आमी घागरा सोडून चालतो का, छोरी? खोचून चालतो. बोंडं अडकतात. तुले इतकं बी दिसलं नाई?"

मी कागदावर ती ओळ पुन्हा वाचली.

"अन् हजार आरसे? दीडशे हायेत. मोज."

जमनाबाई दारात हसली आणि पुन्हा तोंड घट्ट केलं.

"मैनाबाई," मी म्हटलं, "मी तुला राक्षसीण केलं."

"तं काय झालं? मले पयल्याच वर्षी मालूम होतं. पोट्टे तांड्यावर येऊन वरडले, तवाच. मले लय मजा आली. म्या त्यायले शीळ घालून देखील दाखवली. म्हटलं, कौसल्याची पोरगी, मायसारखीच निंघाली. मेल्यावर बी माहं नाव राह्यलं आता."

तिनं दात नसलेल्या जागी धागा धरून तोडायचा प्रयत्न केला, तुटला नाही, मग बाजूच्या दातानं तोडला.

"मंग लाल्या आला. लोकं मायाकडं आले. म्या म्हटलं, अरे येड्याहो, थे मास्तरनीनं माह्यावर गानं केलं, लाडानं केलं, जाऊन इचारा तिले. म्याच पाठवलं वामनले तुह्याकडं."

संघदीप, तिनंच पाठवलं होतं त्यांना.

"तू म्हटलं, मैनाबाईचा संबंध नाई. तं वामन परत येऊन काय म्हने? बाईचं तोंड पांढरं पडलं म्हने. भेते म्हने, म्हून नाव घेत नाई. डाकिनीचं नाव कोनी घेते का? खोकल्याचं घेतात, ढेकनाचं घेतात, हिचं नाई घेत. तू घेतलं असतं न नाव, तं म्या एका बाईनं रचलेल्या गान्यातली राक्षशीन होती. तू नाई घेतलं, तं म्या खरीच झाली."

माझ्या चाळीस वर्षांच्या सगळ्या भुतांमध्ये एवढं खरं भूत मी एकच केलं आणि तेसुद्धा कवितेनं नव्हे, कविता नाकारून.

"राक्षशीन केलं त्याचं काई नाई," ती म्हणाली. "राक्षशीन केलं अन् ओळख नाई दिली, त्याचं हाय."

मी म्हटलं, पुस्तकातून ती कविता काढून टाकते. तर तिनं सुई माझ्यावर रोखली. "काढते? म्हंजे पुन्हा संबंध नाई? वा गे मास्तरीन!"

"मग पुस्तकात तुझं नाव छापते," मी म्हटलं.

"पुस्तक गावात कोन वाचते? वामन वाचते? जेथं नाई म्हटलं, तेथं हो म्हन. पाडव्याच्या सकायी, पोट्टे जमतात तेथं. म्या येतो."

जेवायला थांब म्हणाली नाही. पेढे मात्र ठेवून घेतले. निघताना जमनाबाई जीपपर्यंत आली आणि म्हणाली, "बाई, तिले तेथं कोनी काई म्हटलं न, तं म्या तुमाले सोडनार नाई." मी म्हटलं, सोडू नकोस.

ताई


दारव्हा, २ सप्टेंबर २००७

प्रिय संघदीप,

पोळा ११ तारखेला आहे. पाडवा बुधवारी, १२ ला. सकाळी सहा वाजता पारापाशी.

मला भीती वाटते. माझी नोकरी, शाळेतली माझी पोरं, सगळं त्याच गावात आहे. लोक म्हणतील, बौद्धांची पोरगी, मारबतीत कशाला तोंड घालते. म्हणतील, हिनंच दोन वर्षं गावाला खुळं बनवलं. ते खोटंही नाही. आणि सगळ्यांत मोठी भीती अशी की मी बोलेन आणि कुणाला काहीच वाटणार नाही, मैनाबाई तिथं त्या लाल घागऱ्यात उभी असेल आणि बाया पुन्हा बाजूला होतील.

तू ये. भाषण करायला नको, चमत्कार दाखवायला नको, मला वाचवायला तर अजिबात नको. तुला माझा राग आहे तो घेऊनच ये. तू लहान असताना अंधाऱ्या न्हाणीघरात जायला घाबरायचास आणि मला दाराबाहेर उभं करायचास, आत जाऊन दर मिनिटाला विचारायचास, "ताई, हायेस ना?" तसं फक्त बाहेर उभं राहायला ये.

ताई


दारव्हा, १६ सप्टेंबर २००७

प्रिय संघदीप,

तू नऊच्या जीपनं गेलास, त्यामुळे तुला पुढचं ठाऊक नाही. आणि जे तू पाहिलंस तेही मला पुन्हा लिहायचं आहे, कारण तू मागं पिंपळापाशी उभा होतास आणि मी काय पाहत होते ते तुला तिथून दिसलं नसेल.

मला वामनरावांचे पाय दिसत होते. वर पाहवत नव्हतं. पोरं पळसाच्या फांद्या घेऊन थांबली होती, लालाई म्हणायला टपलेली. मी म्हटलं, "थांबा. आधी मला बोलायचं आहे." म्हणायचं ठरवलेलं सगळं विसरले. तोंडातून आलं ते असं: "लालाई मी रचली. मैनाबाईवरून रचली. लहानपणी ही मला फार आवडायची म्हणून. लाल्या हिनं आणला नाही, ही कविता आहे, माझी आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी हिला घाबरत नव्हते, मी तुम्हाला घाबरत होते."

तेव्हाच तू पुढे आलास, घसा साफ केलास आणि सुरू केलंस, "मित्रांनो, लाल्या हा मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळे..." आणि मैनाबाई म्हणाली, "तू गप बस रे, आरसेचोर." पारावर पहिलं हसू त्याला आलं. तुझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी तुझी ताई आहे, मला हसायचा हक्क आहे.

वामनराव हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मंग तवाच सांगाचं होतं न."

"हो," मी म्हटलं.

"आमी दोन वर्स बाईले..." आणि थांबले. टोपी काढून हातात घेतली.

मग त्या दुसरीतल्या पोरीनं सरळ जाऊन मैनाबाईला विचारलं, शीळ कशी वाजवतात. मैनाबाई म्हणाली, "दात पाडून ये, मंग शिकवतो." आणि वाजवली. इतक्या वर्षांनी. पोरांनी सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी करून प्रयत्न केला, नुसती थुंकी उडाली. आणि मग मारबतीची हाळी सुरू झाली तेव्हा मैनाबाई स्वतः त्यांच्याबरोबर शिवेपर्यंत गेली, घागरा खोचून, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत, लाल्या घेऊन जाय गे मारबत.

हे तू पाहिलंस. आता तू गेल्यानंतरचं.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. हापशावर दोन बाया बोलल्या, तिसरी घागर उचलून गेली. वामनरावांच्या घरून चहाचं बोलावणं आलं, मैनाबाई गेली नाही. "आज नाई," म्हणाली, "पुढच्या वर्सी पाहू." तिच्या झोपडीचं दार मोडलं आहे, आत बकऱ्या बसतात. मी म्हटलं, दुरुस्त करून देते, परत ये. तिनं ते मोडकं दार सरळ करून पाहिलं. मग म्हणाली, "नाई गे छोरी. तू नाव घेतलं, बस झालं. पन म्या आता ढाणकीची. येथं रोज पाहाचं का, आज कोन बोलते अन् कोन नाई?" मी आग्रह केला नाही. माझ्या एका "छे"नं तिचं घर गेलं. ते पारावरच्या चार वाक्यांनी परत यायचं नव्हतं, आणि ते मला कायम घेऊन राहायचं आहे.

कविता पुस्तकात राहते आहे. घागरा खोचलेला केला. आरसे दीडशे केले, मात्रा चुकते, चुकू दे. वर तिचं नाव, गावाच्या नावासकट. "चांगली बाई नको करू मले," असं बजावून गेली आहे. "राक्षशीनच राहू दे. चांगल्या बायकांची गानी कोन म्हनते?"

आता तुझ्याविषयी. जीपची वाट पाहत आपण तिघं थांब्यावर बसलो होतो, तेव्हा तिनं तुला विचारलं, "तू गावोगावी भुतं मारत फिरते म्हने. तुह्याजोळ एक बी नाई का रे?" तू नेहमीसारखं हसून नाही म्हणशील असं मला वाटलं. तू जीप येते का ते पाहिलंस आणि म्हणालास, "आहे एक. संध्याकाळी पाचला कधी कधी बाबांच्या सायकलची घंटी ऐकू येते. मी उठून दार उघडतो." मग जीप आली आणि तू चढलास, आणि चढताना म्हणालास, "येतो, ताई."

तू ताई म्हणालास त्याबद्दल मी काही लिहीत नाही, नाहीतर शाई पसरेल.

पण ती घंटी लिहून पाठव. कविता नको, दोन ओळी चालतील, तुझ्या त्या कार्डावर. दार उघडल्यावर काय करतोस, बंद करायला किती वेळ लागतो, एवढंच. मी ते कुणाला दाखवणार नाही. आणि दाखवलंच, तर तुझं नाव सांगून दाखवीन.

तुझी,
ताई